शेहेचाळिसाव्या वर्षी मला कोण घेणार?

हा प्रश्न घेऊन माझ्याकडे करिअर समुपदेशनाला येणारे बहुतेक जण खुर्चीवर बसायच्या आधीच त्याचं उत्तरही सांगून टाकतात: कोणीच नाही. मुलुंड पूर्वेच्या एका गृहस्थांचंही तसंच झालं. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) केमिस्ट्रीत बी.एस्सी., महापे एमआयडीसीतल्या रसायनांच्या कारखान्यात २१ वर्षं, त्यातली शेवटची ९ वर्षं शिफ्ट इनचार्ज. कंपनीने प्लांट गुजरातमधल्या दहेजला हलवायचं ठरवलं होतं. सात महिन्यांनी तिकडे चला, नाहीतर हिशेब घ्या. घरी वडील अंथरुणाला खिळलेले, मुलगी बारावीत. दहेजचा प्रश्नच नव्हता.

येताना ते डेटा सायन्सच्या कोर्सची पावती घेऊन आले. एकूण फी २ लाख ४० हजार, पैकी १० हजार भरून जागा ‘ब्लॉक’ केलेली. फोनवरच्या करिअर काउन्सेलरने “आज रात्रीपर्यंतच सवलत आहे” असं सांगितलं होतं. (कोर्स विकणाऱ्यालाही काउन्सेलर म्हणतात, काय करणार.) यांनी एक्सेलमध्ये हजेरीपत्रकापलीकडे काही केलेलं नव्हतं. दुसरा पर्याय होता वडापावची फ्रँचायझी, तोही मेहुण्याने सुचवलेला.

पहिल्या बैठकीत करिअरचा विषय आम्ही काढलाच नाही, आधी पैसे मोजले. घाबरलेला माणूस पहिलं सापडेल ते धरतो. आपल्याकडे किती महिने आहेत हे कळलं की भीती थोडी आटोक्यात येते. घरखर्च ६२ हजार, त्यात फ्लॅटचा हप्ता साडेएकवीस. पत्नी शाळेत नोकरीला, पगार २४ हजार. म्हणजे दर महिन्याला ३८ हजारांची तूट. ग्रॅच्युइटीचं गणित त्यांनी कधी केलेलंच नव्हतं: शेवटचं मूळ वेतन (महागाई भत्ता असेल तर तो धरून) भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. मूळ वेतन ३६,४००, म्हणजे वर्षाला २१ हजार, २१ वर्षांचे ४ लाख ४१ हजार. मुदत ठेव ३ लाख १० हजार. मुलीच्या प्रवेशासाठी आणि स्वतःच्या शिक्षणासाठी मिळून २ लाख बाजूला ठेवले. उरले साडेपाच लाख, म्हणजे साडेचौदा महिने.

यात दोन गोष्टी नोकरीत असतानाच उरकायच्या होत्या. एक, बँकेत जाऊन कर्जाची मुदत वाढवून हप्ता कमी करून घेणं. हातात पगाराची स्लिप असते तोवर बँक ऐकते, नंतर तोच माणूस तिच्या लेखी वेगळा होतो. हप्ता ४ हजारांनी उतरला आणि साडेचौदाचे सोळा महिने झाले. दोन, आरोग्य विमा. कंपनीची गट पॉलिसी शेवटच्या दिवशी संपते. यांना रक्तदाबाचा त्रास होता, आणि स्वतःची नवी पॉलिसी आधीपासूनच्या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबायला लावू शकते. म्हणून कंपनीच्या विमा कंपनीकडेच, मुदत संपण्याआधी, वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचा अर्ज केला. पीएफला हात लावायचा नाही, हेही त्याच दिवशी ठरलं.

मग कामाची डायरी. दोन आठवडे, दर दोन तासांनी एक ओळ: काय केलं, आणि पुढे अधिक किंवा उणे. ‘तुम्हाला काय आवडतं?’ असं शेहेचाळिशीच्या माणसाला विचारलं तर तो क्रिकेट सांगतो. डायरीतून मात्र वेगळंच निघालं. उत्पादनाचं टार्गेट, कच्च्या मालाचा पाठपुरावा, रोजच्या मीटिंग, सगळीकडे उणे. अधिकची खूण पडत होती ती टूलबॉक्स टॉकपुढे (काम सुरू करण्याआधीचं सुरक्षेचं छोटं बोलणं), हॉट वर्कचं, म्हणजे वेल्डिंगसारख्या ठिणग्या उडणाऱ्या कामाचं, परमिट तपासण्यापुढे, टाकीत माणूस उतरवण्याआधीच्या वायुचाचणीपुढे. एका रात्रपाळीत त्यांनी कंत्राटी मुलांना लॉकआऊट-टॅगआऊट (दुरुस्तीआधी यंत्र बंद करून त्याला कुलूप आणि पाटी लावणं) पुन्हा समजावून सांगितलं होतं. त्या ओळीपुढे दोन अधिक होते.

म्हणजे औद्योगिक सुरक्षा. कारखाना कायद्याने (१९४८) हजार किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्याला सुरक्षा अधिकारी बंधनकारक केला. २०२०च्या कामगार सुरक्षा संहितेत तो आकडा ५०० आहे, घातक प्रक्रिया आणि बांधकामासाठी २५०. पात्रताही ठरलेली: भौतिक किंवा रसायनशास्त्राची पदवी असेल तर कारखान्यात पर्यवेक्षकाचा पाच वर्षांचा अनुभव, मान्यताप्राप्त औद्योगिक सुरक्षा पदविका, आणि बहुसंख्य कामगारांची भाषा येणं. तिन्हींपैकी दोन गोष्टी यांच्या खिशात होत्या. “वय झालं” म्हणून ते ज्या २१ वर्षांवर पाणी सोडायला निघाले होते, ती इथे अट म्हणून मागितली जात होती.

पदविका घेतानाच माणसं फसतात. ‘सेफ्टी डिप्लोमा’ नावाने चार आठवड्यांचे ऑनलाइन कोर्सही विकले जातात. नेबॉश या ब्रिटिश सुरक्षा प्रमाणपत्राला आखातात किंमत आहे, पण आपल्या कायद्यातल्या पदविकेच्या जागी ते चालत नाही. फी भरण्याआधी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे चौकशी करायची, आणि संस्थेने तोंडी दिलेलं आश्वासन धरायचं नाही. यांच्यापुढे सायनच्या केंद्रीय श्रम संस्थेचा एक वर्षाचा पूर्णवेळ अभ्यासक्रम होता. मुलुंडहून धीम्या लोकलने थेट. अडचण एवढीच की वर्षभर पगार नाही, आणि पुढे नोकरी शोधायला जेमतेम चार महिने.

इतकी मोठी उडी न चाखता घेऊ नये, म्हणून तीन कामं दिली. प्रत्यक्ष सुरक्षा अधिकारी असलेल्या आठ जणांशी प्रत्येकी वीस मिनिटं बोलायचं. नोकरी मागायची नाही, फक्त विचारायचं: काल दिवसभर काय केलंत? कोणाशी भांडण होतं? पहिल्या वर्षी काय चुकलं? सख्ख्या मित्रांपेक्षा जुने सहकारी, पुरवठादार, कॉलेजमधले लांबचे ओळखीचे इथे जास्त कामी येतात, कारण त्यांचं वर्तुळ वेगळं असतं. आठांपैकी पाच भेटले. दोघांनी सांगितलं की निम्मा वेळ कागदांत जातो, आणि अपघात झाला की पहिलं बोट आपल्याकडे वळतं. हे त्यांना आधीच कळलेलं बरं.

दुसरं, घरची बैठक. पत्नीसमोर तुटीचा कागद ठेवायचा आणि नव्या नोकरीत कमीत कमी किती पगार चालेल तो आकडा दोघांनी मिळून लिहायचा. तो जुन्या पगाराच्या तीन-चतुर्थांश निघाला.

तिसरं काम त्यांना पटायला वेळ लागला. बंद होणारा प्लांट उतरवायचा असतो: टाक्या रिकाम्या करणं, पाइप कापणं, बाहेरच्या कंत्राटदारांची वर्दळ. त्यासाठी परमिट डेस्कवर माणूस लागतो आणि सगळे दहेजच्या तयारीत. “तिथे मला टाका,” असं त्यांनी मॅनेजरला लेखी कळवायचं होतं. त्यांना ही पदावनती वाटत होती. आठवडाभर तो मेल ड्राफ्टमध्येच पडून राहिला. शेवटी गेला, आणि दुसऱ्या दिवशी होकार आला.

बायोडेटा चार पानांवरून दोनवर आणला. जन्मतारीख, वडिलांचं नाव, फोटो काढून टाकलं. ‘उत्पादनाची जबाबदारी सांभाळली’च्या जागी आलं: प्रत्येक पाळीत ३८ माणसं, त्यातली २२ कंत्राटी, प्लांट उतरवताना चार महिने परमिट डेस्क.

सायनची पदविका पूर्ण केल्यानंतरच्या पहिल्या दोन मुलाखती फसल्या, त्याही एकाच प्रश्नावर: आधीची नोकरी का सोडली? ते दहेज, वडिलांचं आजारपण, कंपनीने केलेला अन्याय, सगळं दहा मिनिटं सांगत बसले. मोठ्या वयाच्या उमेदवाराबद्दल समोरच्याच्या मनात तीन शंका असतात: हा पगार जास्त मागेल, तिशीतल्या साहेबाचं ऐकणार नाही, आणि जुनं उगाळत बसेल. त्यांनी तिसरी शंका स्वतःच खरी करून दाखवली. मग उत्तर तीन वाक्यांत बसवलं, आणि आरशासमोर नाही तर मुलीसमोर म्हणून घेतलं, कारण ती मध्येच थांबवते. “प्लांट दहेजला गेला. मी मुंबईतच राहायचं ठरवलं. शेवटचे चार महिने तिथली सगळी परमिट माझ्या सहीने सुटत होती.”

तिसरी मुलाखत एका बांधकाम कंत्राटदाराकडे होती. समोरचा साहेब चौतीस वर्षांचा. त्याने त्या शेवटच्या वाक्यावर पाऊण तास प्रश्न विचारले, आणि पगाराचा जो आकडा सांगितला तो घरच्या कागदावर लिहिलेल्या आकड्यापेक्षा दोन हजारांनी वर होता.