कुठली तार बसवायची ते नंतर, दात वाकडे का ते आधी

गेल्या वेळी दात सरळ करण्याबद्दल काय विचारायचं असेल तर लिहा म्हटलं होतं, तर खानापूर, निपाणी, येळ्ळूर, हुक्केरी कुठून कुठून पत्रं आलीत. बहुतेकांचं विचारणं एकच, डॉक्टर कुठली क्लिप चांगली, दिसणारी की न दिसणारी, आणि किती पैसे पडतील. मला मात्र प्रत्येकाला आधी हेच विचारावंसं वाटतं की तुमचे दात वाकडे का झालेत ते कुणी नीट सांगितलंय काय? कारण ते कळल्याशिवाय तार निवडणं म्हणजे माप न घेता ब्लाऊज शिवायला टाकल्यासारखं आहे.

प्रश्न : माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. वरचे पुढचे दात एवढे बाहेर आलेत की ओठ मिटत नाहीत, रात्री तोंड उघडं टाकूनच झोपतो. वर्गातली पोरं उब्बल्लु (कानडीत पुढे आलेले दात) म्हणून चिडवायलेत, आता शाळेला जायलाच नको म्हणतो. सासूबाई म्हणतात सगळे दुधाचे दात पडू देत, बारा-तेराला बघू. थांबू काय? – एक आई, खानापूर तालुका

ताई, दाखवून घ्यायला थांबू नका. उद्याच तार बसवा असं मी म्हणत नाही, नऊ वर्षांच्या बहुतेक मुलांना पूर्ण तार लागतच नाही, पण बघून घ्यायचं वय होऊन गेलंय. अमेरिकेतल्या ऑर्थोडॉन्टिस्ट म्हणजे दात सरळ करणाऱ्या डॉक्टरांची संघटना तर पहिली तपासणी सातव्या वर्षीच करा म्हणते, कारण तोवर पहिल्या पक्क्या दाढा आणि पुढचे पक्के दात यायला लागलेले असतात आणि जबडा कुठल्या दिशेनं वाढायलाय त्याचा अंदाज येतो.

आता एक करा, मुलाला सरळ उभं करा आणि बाजूनं बघा. पुष्कळदा आपण म्हणतो वरचे दात पुढे आलेत, आणि खरं बघितलं तर वरचे आपल्या जागी असतात, खालचा जबडाच मागे राहिलेला असतो. हनुवटी आत गेल्यासारखी वाटते. नक्की काय ते बाजूनं काढलेल्या एक्स-रेवर मापं घेऊनच कळतं, त्याला आम्ही सेफॅलोग्राम म्हणतो. खालचा जबडा मागे असेल तर ट्विन ब्लॉकसारखं काढता-घालता येणारं साधन असतं, ते खालचा जबडा पुढे धरून ठेवतं, आणि मूल झपाट्यानं उंच व्हायला लागतं तेव्हा त्याचा सगळ्यात जास्त उपयोग होतो. मुलींत हा काळ साधारण दहा ते बारा, मुलग्यांत बारा ते चौदा. म्हणजे सासूबाईंचं बाराव्या वर्षाचं गणित अगदीच चुकीचं नाही बघा, पण बाराला पहिल्यांदा दवाखान्यात जायचं आणि आधीपासून नजर ठेवून बाराला बरोबर वेळेत साधन घालायचं यात फार फरक आहे. ही वाढ संपली की मग जबड्यासाठी ऑपरेशन, नाहीतर दात काढून नुसतं दिसणं जुळवून घेणं, एवढंच हातात राहतं.

दुसरं, ते तोंड उघडं टाकून झोपणं. आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरना दाखवा, नाकाच्या मागे अ‍ॅडेनॉइड नावाच्या मऊ गाठी असतात, त्या वाढलेल्या असल्या की मुलं तोंडानं श्वास घेतात, मग जीभ खाली राहते, वरचा जबडा अरुंद होतो, दात पुढे येतात. ते कारण तसंच ठेवून दात मागे ओढले तर काम टिकत नाही.

आणि पुढे आलेले दात पडण्या-झडण्यात पहिले फुटतात, म्हणून हे सगळ्यांनीच लक्षात ठेवा : पक्का दात मुळासकट निघून आला तर तो पांढऱ्या बाजूनं धरायचा, मुळाला हात लावायचा नाही, घासायचा तर अजिबात नाही, मातीचा असेल तर हलकेच पाण्याखाली धरून परत त्याच जागी बसवायचा, नाही जमलं तर दुधात टाकून अर्ध्या तासाच्या आत डेंटिस्टकडे पळायचं. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नाही.

चिडवण्याबद्दल शाळेत बाईंना जाऊन भेटा. दाताचं काम दोन-तीन वर्षं चालतं, पोरानं तोवर सहन करत बसायचं काय?

प्रश्न : मी २१ वर्षांची, बेळगावात कॉलेजला आहे. दात एकावर एक चढलेत, सुळा बाहेर आहे. एका डॉक्टरांनी चार चांगले दात काढायला सांगितलंय, दुसरे म्हणाले काही काढायला नको, अलाइनरनं होतंय. माझी बहीण म्हणते ऑनलाइन मागव, स्वस्त पडतं. घरी लग्नाचं बोलणं सुरू आहे, तोवर होईल काय? – टिळकवाडी

चांगला दात का काढायचा हा प्रश्न मला रोज ऐकायला मिळतो आणि त्यात चूक काही नाही, भीती वाटणारच. पण हे जागेचं गणित आहे. जबड्यात जेवढी जागा आहे आणि दातांना जेवढी लागते त्यातला फरक मोजायचा. दोन-तीन मिलिमीटर कमी असेल तर दाताच्या कडा अगदी केसभर घासून, नाहीतर जबडा थोडा रुंद करून भागतं. आठ-दहा मिलिमीटर कमी असेल तर ती जागा आणायची कुठून? सुळ्यामागची छोटी दाढ साधारण सात मिलिमीटर रुंद असते, म्हणून ती काढतात. जागा नसताना न काढता नुसते सरळ केले तर दात ओठाकडे फेकले जातात, तोंड पुढे आल्यासारखं दिसतं, कधीकधी हिरडीही दातावरून मागे सरकते. म्हणून दोन्ही डॉक्टरना एकच विचार, माझी जागा किती मिलिमीटर कमी आहे आणि ती तुम्ही कुठून आणणार? जो तुझ्या दातांच्या साच्यावर आणि एक्स-रेवर दाखवून सांगेल त्याचं ऐक.

अलाइनर म्हणजे पारदर्शक कवचं, क्रमानं बदलत जायची, प्रत्येक एक-दोन आठवडे. रोज २० ते २२ तास घालावी लागतात, म्हणजे फक्त जेवताना आणि ब्रश करताना काढायची. कॉलेजच्या कँटीनमध्ये दिवसातून चार वेळा चहा होत असेल आणि दर वेळी काढून ठेवत असशील तर दात हलणारच नाहीत. हलकी गर्दी, छोट्या फटी यांना छान काम करतात. चार दात काढून मोठी जागा बंद करणं, खूप फिरलेला सुळा जागेवर आणणं यात मला अजून तारच भरवशाची वाटते, अनुभवी हातात अलाइनरनंही होतं पण सगळ्यांच्या नाही. मेटलची तार सगळ्यात स्वस्त आणि मजबूत. सिरॅमिकची दाताच्या रंगाची, कमी दिसते, पण ठिसूळ आणि महाग. जिभेच्या बाजूनं लावायची लिंग्वल अजिबात दिसत नाही, पण सुरुवातीला बोलताना जीभ अडखळते आणि खर्च खूप.

ऑनलाइन मात्र नको गं. एक्स-रे नाही, हिरडी तपासलेली नाही, दात हलवताना बघणारं कुणी नाही. दात हलतो म्हणजे काय होतं, तर ज्या बाजूला दाब येतो तिथलं हाड विरघळतं आणि मागे नवीन भरून येतं, महिन्याला साधारण एक मिलिमीटर एवढाच वेग. हाडाचं काम आहे हे, पार्सलनं मागवायची वस्तू नव्हे.

वेळ म्हणशील तर दात काढावे लागले तर दीड ते दोन वर्षं धर, दर चार-सहा आठवड्यांनी दवाखान्यात जावं लागेल. लग्न मध्येच ठरलं तर? फोटोत तार दिसली म्हणून काही बिघडत नाही, माझ्याकडे तारेसकट बोहल्यावर उभ्या राहिलेल्या मुली आहेत. लवकर संपवा म्हणून डॉक्टरांच्या मागे लागू नकोस, जोर लावून ओढलं तर दातांची मुळं झिजतात.

पैशाची अडचण असेल तर बेळगावात केएलई आणि मराठा मंडळ अशी दोन डेंटल कॉलेजं आहेत, कॉलेजच्या ओपीडीत खर्च सहसा खाजगीपेक्षा कमी येतो. तिथं काम बहुधा एमडीएस, म्हणजे दातांच्या डॉक्टरकीचं पुढचं शिक्षण घेणारे डॉक्टर करतात आणि तो कोर्स तीन वर्षांचा असतो, म्हणून तुझं काम संपायच्या आत तुझा डॉक्टर पास होऊन गेला तर पुढे कोण बघणार ते पहिल्याच दिवशी विचारून ठेव. खाजगीत जाणार असशील तर रिटेनर (तार काढल्यावर दात जागेवर धरून ठेवायला घालायचं साधन), एक्स-रे, तुटलेलं ब्रॅकेट (तार अडकवायला दातावर चिकटवलेला छोटा तुकडा) परत लावणं हे सगळं फीमध्ये धरलंय काय ते कागदावर घे.

प्रश्न : पोराला तार बसवलीय, काय खायचं नाही? घरचाच ऊस आहे, सीझनला ऐकतच नाही. – हुक्केरी

दातानं सोलून ऊस बंद, रस चालतो, पण पिऊन झाल्यावर चूळ भरायची. गोकाकचा करदंट, ती डिंकाची मिठाई, तर तारेचा शत्रू आहे, डिंक चिकटून ब्रॅकेट उपटून आणतो. भाजलेलं कणीस दाणे काढून खाऊ दे. भडंग, शेंगदाणे, चिक्की तार निघेपर्यंत राहू दे. भाकरी आमटीत कुस्करून, पेरू-सफरचंद फोडी करून चालतं. आणि कुंदा खाल्ला तर खाऊ दे, मऊ आहे, पण लगेच ब्रश, नाहीतर तार काढल्यावर ब्रॅकेटभोवती पांढरे डाग दिसतील आणि ते जात नाहीत सहजी.

प्रश्न : वय ४२. पुढच्या दोन दातांत फट नव्हती, गेल्या तीन-चार वर्षांत पडली आणि वाढायलीय. लहानपणापासून मशेरी लावते. या वयात तार बसवली तर लोक हसतील काय? – निपाणी भागातली एक बाई

वहिनी, लोकांचं सोडा, वयाचंही सोडा, हिरडी आणि हाड चांगलं असेल तर साठीतही दात हलवता येतात. मला काळजी वेगळीच वाटायलीय. मोठ्या वयात नव्यानं फट पडून वाढत जाते तेव्हा बहुतेक वेळा दाताखालचं हाड कमी झालेलं असतं. हिरडीतून रक्त येतं काय, दात हलतात काय, तोंडाला वास येतो काय बघा. अशा वेळी आधी तार लावली तर दात लवकर पडतील. आधी हिरड्यांच्या डॉक्टरकडून खोल सफाई, काही महिने थांबून हिरडी शांत झालीय ते बघायचं, मग हलक्या तारेनं फट बंद करायची आणि मागून बारीक तार कायमची चिकटवून ठेवायची. कुणी फट बघून थेट फिलिंग करून देतो म्हटलं तरी आधी एक्स-रे काढून घ्या.

आणि मशेरी. निपाणी म्हणजे तंबाखूचं गाव, पिढ्यानपिढ्या बायका सकाळी मशेरी लावतात, दात घट्ट होतात म्हणतात, मी समजू शकते. पण ती भाजलेली तंबाखूच आहे. हिरडीचं रक्त कमी करते म्हणून रक्त येत नाही आणि आपल्याला वाटतं सगळं चांगलंय, आत हाड जात असतं. त्यात तोंडाच्या कॅन्सरचा धोका. दात सरळ झाले नाहीत तरी चालतील, मशेरी सोडाच. एकटीनं जमत नसेल तर सरकारची तंबाखू सोडण्यासाठीची हेल्पलाइन आहे, १८००-११-२३५६, फोनला पैसे पडत नाहीत. तोंडात पांढरा-लाल चट्टा किंवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम असेल तर याच आठवड्यात दाखवा.

प्रश्न : दहावीत तार काढली, आता २६ वर्षांचा आहे, खालचे दात परत वाकडे. अक्कलदाढेनं ढकललेत म्हणतात, खरं काय? – येळ्ळूर

अक्कलदाढेवर हा आरोप जुना आहे पण अभ्यासात तो टिकलेला नाही, दाढ नसलेल्यांचेही खालचे दात वयाप्रमाणे गर्दी करतात. रिटेनर किती दिवस घातला होता? मला वाटतं सहा महिने, नाहीतर तेवढाही नाही. थोडंच वाकडं असेल तर सहा-आठ महिन्यांत काही अलाइनरनं सरळ होईल, पण नंतर रिटेनर रात्री घालायचाच, वर्षानुवर्षं. गरम पाण्यानं धुवू नकोस, आकार बिघडतो, साध्या पाण्यानं आणि मऊ ब्रशनं. आणि लग्नाच्या पंगतीला बसताना काढलास तर कागदात गुंडाळून पानाशेजारी ठेवू नकोस, माझ्याकडचे निम्मे हरवलेले रिटेनर उष्ट्या पत्रावळीबरोबर गेलेत, खिशात डबी ठेव.