नापास झालं तर माल कुठे?

प्रिय मित्रा,

तुझं पत्र वाचलं. एसएपीच्या क्वालिटी मॉड्यूलमध्ये क्यूए३२ (तपासणी लॉटची यादी) उघडलं की लॉटची रांग, माल इन्स्पेक्शन स्टॉकमध्ये (तपासणी होईपर्यंतच्या साठ्यात) अडकलेला, स्टोअरवाले रोज ऐकवतात, आणि तू विचारतोस, "मटेरियल मास्टरमधला ०१ इन्स्पेक्शन टाइप (खरेदीच्या आवकीची तपासणी) बंद करून टाकू का?" नको. त्याने फक्त पुढच्या आवकीचे लॉट तयार होणार नाहीत. आज उघडे आहेत ते तसेच राहतील, आणि त्यांचा माल स्टोअरला एमआयजीओतून (मालाच्या हालचालीची स्क्रीन) ३२१ ही हालचाल टाकून सोडवता येणार नाही. तो लॉटला बांधलेला आहे. यूजेस डिसिजनमधूनच, म्हणजे लॉट घ्यायचा की नाही या अंतिम निर्णयातूनच, सुटतो.

खरा घोळ तपासणीच्या प्लॅनमध्ये आहे. शाफ्टच्या ड्रॉइंगवर जेवढे बलून (मापांचे गोलातले क्रमांक) तेवढी कॅरॅक्टरिस्टिक (तपासायच्या बाबी) तू क्यूपी०१ मध्ये, प्लॅन बनवायच्या स्क्रीनवर, भरलीस. बेचाळीस! एकेका ओळीवर बोट ठेव आणि विचार: हे नापास झालं तर माल कुठे जाणार? "ब्लॉक्ड स्टॉकला", "सप्लायरकडे परत", "शंभर टक्के छाननीला" अशी उत्तरं मला चालतात. "बघू, विचारू" हे उत्तर असेल तर ती ओळ काढ. ग्राहकाच्या कंट्रोल प्लॅनमधली मापं राहणारच, पण उत्तर त्यांचंही तयार हवं. आवकीच्या तपासणीत प्रत्येक चॅम्फर (कडेचा तिरपा काप) मोजायला लावलास, की इन्स्पेक्टर दुसऱ्या आठवड्यात खुर्चीत बसून आकडे भरायला लागतो. त्याला दोष देऊ नकोस.

उरलेल्या ओळींवर मात्र जीव ओत. व्यास २५ एच६ (शाफ्टची ठरलेली सूट) घे. वरची मर्यादा २५.०००, खालची २४.९८७. क्यूएस२१ मध्ये मास्टर कॅरॅक्टरिस्टिक (पुन्हा पुन्हा वापरायची बाब) करताना दशांश स्थळं दोनच ठेवलीस तर ही खालची मर्यादा धड बसतच नाही, तीन ठेव. सगळी पट्टी १३ मायक्रॉनची, म्हणजे ०.०२ मिमी लीस्ट काउंटचा (सर्वांत लहान वाचता येणाऱ्या मापाचा) व्हर्नियर तिथे शोभेचा. ०.००१ चा मायक्रोमीटर लागेल, आणि इन्स्पेक्शन मेथडमध्ये तसं स्पष्ट लिही. गेज आर अँड आर (मोजमापातलाच फरक किती, याची चाचणी) ३० टक्क्यांच्या वर असेल, तर आधी गेज सुधार, मग प्लॅन. मापच खोटं असेल तर नापास कोण झालं, माल की मायक्रोमीटर?

सँपलिंगबद्दल तू जे लिहिलंस ते वाचून मी डोक्याला हात लावला. सिन्नरहून येणारे बार किलोत खरेदी होतात. २८ मिमीचा तीन मीटरचा बार साधारण साडेचौदा किलोचा, म्हणजे ६०० किलोत चाळीसएक बार. तू ऑपरेशनमध्ये सँपलचं एककच बदललं नाहीस. सिस्टिमने ६०० हीच लॉट साइज धरली, आयएस २५०० च्या (नमुने किती घ्यायचे याचं भारतीय मानक) तक्त्यात तपासणीच्या लेव्हल दोनला ५०१ ते १२०० ची ओळ पकडली आणि ८० नमुने मागितले. चाळीस बारांतून ऐंशी! एकक नग ठेव, किलो-नग रूपांतर भर. मग एक्यूएल (चालून जाणारं सदोष प्रमाण) १.० टक्क्याला १३ नमुने येतील, स्वीकृती शून्यावर. तेराही बार मोजायचे, आणि एक जरी गेला तरी सगळा गठ्ठा नापास. आणि तो गठ्ठा कुठे जाणार, हे आजच ठरव.

काही लॉट सीआरटीडी (नुसता तयार झालेला) स्थितीतच अडकलेत म्हणतोस. प्लॅन सापडलेला नाही, एवढंच. यूसेज ५ (आवकीसाठी) आहे का, स्टेटस ४ (वापराला मोकळा) आहे का, मटेरियल-प्लांट जोडलंय का, लॉट साइजची मर्यादा बसते का, आणि प्लॅनची वैधता लॉटच्या तारखेच्या आधीपासून आहे का, ते बघ. बहुतेक वेळा तारीखच नडते. दुरुस्त केलंस की क्यूए०२ मध्ये (लॉट बदलायची स्क्रीन) स्पेसिफिकेशन पुन्हा जोड.

स्किप लॉट, म्हणजे चांगल्या इतिहासावर काही लॉट न तपासता सोडणं, मात्र जपून. डायनॅमिक मॉडिफिकेशनचे (आधीच्या निकालांवरून तपासणी कमी-जास्त करण्याचे) निकष प्लॅनच्या हेडरवर असतात. तिथे फक्त मटेरियल ठेवलंस, तर एका सप्लायरच्या चांगल्या इतिहासाच्या जोरावर दुसऱ्याचा माल न तपासता आत येतो. मटेरियल आणि व्हेंडर, दोन्ही लाव. आणि बदल यूजेस डिसिजनच्या वेळी होऊ दे. लॉट तयार होतानाच होत असेल, तर निकाल लागायच्या आधीच पुढचे लॉट सूट घेतात.

सातपूरच्या प्लेटिंगवाल्याच्या मालाला ९६ तासांची सॉल्ट स्प्रे (खारट फवाऱ्यात गंज बघायची चाचणी) आहे, तिला तू लाँग टर्मची टिक लावलीस. तांत्रिकदृष्ट्या बरोबर, निकाल यूजेस डिसिजननंतरही भरता येतो. पण चौथ्या दिवशी गंज दिसला तर तोवर माल असेंब्लीत गेलेला असणार. मग तो कुठे? बॅच नंबर नसेल तर उत्तरच नाही. आधी बॅच मॅनेजमेंट (प्रत्येक खेपेला वेगळा नंबर) चालू कर, टिक मग ठेव.

मला हेकट म्हणणारे लोक आहेत. म्हणू देत. आयएसओ ९००१ चं कलम ८.७ नापास मालाचंच आहे, आणि ऑडिटर लाल बिन (नापास मालाचा डबा) बघायलाच येतो. तुझ्या बेचाळीस ओळी तो मोजत नाही. प्लॅन बनवणारे खूप असतात. नापास मालाचा रस्ता आखायला कुणी बसत नाही, कारण त्यासाठी खरेदीवाले, स्टोअर, प्रॉडक्शन सगळ्यांशी भांडावं लागतं. तू भांड. तुझी बाजू बरोबर आहे.

म्हणून क्यूएस५१ मध्ये (कोडांचे संच ठेवायची स्क्रीन) यूजेस डिसिजनचे चारच कोड ठेव: स्वीकार, सवलतीने स्वीकार, छाननी, परत. प्रत्येकाला पोस्टिंग प्रस्ताव जोड. स्वीकारल्यावर अनरिस्ट्रिक्टेडला (वापराला मोकळ्या साठ्यात), छाननीचा माल ३५० या हालचालीने ब्लॉक्डला, परतीचा सप्लायरकडे, सोबत क्यू२ नोटिफिकेशन (सप्लायरविरुद्धची तक्रार). सवलतीचा कोड फक्त क्वालिटी हेडच्या अधिकारात. तो सगळ्यांना दिलास तर महिनाअखेरीला सगळा माल सवलतीनेच सुटेल.

आधी उघडे लॉट तारखेप्रमाणे लाव. सर्वांत जुना घे, स्टोअरमध्ये जाऊन माल खरंच तिथे आहे का ते बघ, मग यूजेस डिसिजन दे. लाइनवर गेलेला सापडला तर तसं लिहून क्वालिटी हेडची सही घे. नवा प्लॅन तोवर उघडू नकोस.

तुझा,
काका