काळ्या अंगावर पांढरे पट्टे: मण्यार की कवड्या? आणि सापाला लाल रंग दिसतो का?

रात्री मोरीजवळ पांढऱ्या पट्ट्यांचा काळसर साप दिसला, तो विषारी मण्यार की बिनविषारी कवड्या, आणि अंगात लाल शर्ट होता म्हणून तो बिथरला का, असं तुम्ही विचारलंय.

आधी ओळख. या दोघांत घोळ होतो तो रंगावर विसंबल्यामुळे. कवड्या बहुधा तपकिरी आणि त्याचे पट्टे पिवळसर, पण गडद कवड्या विजेरीच्या उजेडात सरळ काळा दिसतो. मण्यार चकचकीत निळसर काळी, पण कात टाकायला आली की मळकट, राखाडी होते आणि पट्टे पुसट पडतात. पट्टे जवळजवळ नसलेल्या मण्यारीही सापडतात, त्यामुळे 'पट्टे नाहीत म्हणजे बिनविषारी' हा समज जीवघेणा आहे.

पट्टे कुठे ठळक आहेत ते पाहा. कवड्याचे पट्टे मानेपासूनच सुरू होतात, पहिला बहुधा सगळ्यांत रुंद असतो आणि शेपटीकडे ते विरत जातात. कुशीवर उतरताना पट्टा फाटून जाळीसारखा होतो. मण्यारीत डोक्यामागचा काही भाग कोरा किंवा नुसत्या ठिपक्यांचा असतो, मग बारीक पट्टे येतात, पुष्कळदा जोडीजोडीने, आणि ते शेपटीपर्यंत स्पष्ट राहतात. मात्र मण्यारीच्या पिल्लांत पुढचे पट्टेही ठळक असतात. वीतभर सापाला ही खूण लावू नका.

पक्की खूण पाठीवर आहे. मण्यारीच्या पाठीच्या मधोमध षटकोनी खवल्यांची एक ओळ जाते आणि ते खवले शेजारच्यांपेक्षा उघड मोठे असतात. कवड्याला अशी ओळ नसते. म्हणून सर्पमित्राला फोटो पाठवताना किमान दोन मीटर लांब राहा, झूम करा आणि तीन फोटो काढा: पूर्ण साप, डोकं आणि मान, आणि अंगाच्या मध्यावरची पाठ वरून. लोक नेमका हा तिसरा फोटो काढत नाहीत आणि मग अंदाजावर काम चालतं. साप मेलेला वाटला तरी हात लावू नका. मेल्यावरही काही काळ जबडा मिटू शकतो.

आता नजर. सापांच्या पूर्वजांनी उत्क्रांतीत रंगदृष्टीची काही प्रथिनं गमावली. बहुतेक सापांकडे रंगांसाठी दोनच उरली: एक जांभळ्या-अतिनील टोकाचं, दुसरं हिरव्या-पिवळ्याकडचं. लाल आणि हिरव्यातला फरक त्यांना नीट कळत नाही. तुमच्या शर्टाच्या रंगाने काहीच झालं नाही. तुम्ही दचकून हललात, पाय आपटलात, जमीन हादरली, त्याने तो बिथरला. बहुतेक साप डोळ्यातलं भिंग पुढेमागे सरकवून नजर जुळवतात. स्थिर वस्तूपेक्षा हलती वस्तू त्यांच्या लगेच लक्षात येते, म्हणून साप समोर आला की जागीच थांबणं आणि मग सावकाश मागे सरणं हेच बरं. रात्री फिरणारी मण्यार शिकार शोधते ती मुख्यतः जिभेने गंध टिपून.

नजरेच्या बाबतीतले अपवाद सुंदर आहेत. दिवसा पालीसरड्यांवर जगणाऱ्या हरणटोळाची, म्हणजे झाडावरच्या सडपातळ हिरव्या सापाची, बाहुली आडवी, चावीच्या भोकासारखी असते आणि डोळ्यापासून तोंडाच्या टोकाकडे खोबण जाते. त्यामुळे तो दोन्ही डोळ्यांनी समोर पाहून अंतर जोखतो. त्याचं हिरवेपण पिवळं रंगद्रव्य आणि निळा प्रकाश परतवणाऱ्या पेशींच्या मेळाने तयार होतं. अल्कोहोलमध्ये पिवळं द्रव्य निघून जातं, म्हणून संग्रहालयातल्या बाटलीत हिरवा साप निळा दिसतो. सह्याद्रीतल्या चापडा या विषारी सापाला नाकपुडी आणि डोळा यांच्या मधोमध खळगा असतो. त्याने तो उंदराच्या अंगाची उष्णता अंधारातही टिपतो. मण्यार, नाग, घोणस, फुरसं यांना असे खळगे नसतात.

सापाला पापण्या नसतात. डोळ्यावर पारदर्शक खवला असतो आणि तो कातीबरोबर निघतो. कात टाकण्याआधी काही दिवस तिथे द्रव साचून डोळा दुधी-निळा होतो आणि दिसणं अंधुक होतं. अशा वेळी एरवी शांत असणारा सापही चटकन फणकारतो, चावतो. डोळा निळसर दिसला तर आणखी लांब राहा.

चावला असेल तर ओळख पटण्याची वाट पाहू नका. मण्यारीचा चावा पुष्कळदा दुखत नाही, सूजही येत नाही. पोटात कळा येणं, पापण्या जड होणं, गिळायला त्रास होणं हे नंतर सुरू होतं. चिरा देऊ नका, आवळून बांधू नका, हातपाय न हलवता थेट सरकारी रुग्णालय गाठा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर प्रतिविष एकच आहे. कोकणात किंवा घाटात चापडा चावला असेल तर तेवढं डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण हे प्रतिविष चापड्याच्या विषासाठी बनवलेलं नाही.