डंजनमधल्या खजिन्याच्या पेट्या एकसारख्या वाटू नयेत म्हणून काय करावं?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या (फासे टाकून, गोष्ट सांगत खेळायचा खेळ) पार्टीत, म्हणजे पात्रांच्या टोळीत, चौघं आहेत, सगळे दुसऱ्या लेव्हलचे, आणि डंजनमध्ये, म्हणजे धोक्यांनी भरलेल्या भुयारात, पेटी दिसली की टेबलावर तेच ते सुरू होतं: "ट्रॅप शोधतो", फासा, "कुलूप उघडतो", फासा, "काय मिळालं?" आत जास्त चांगल्या वस्तू ठेवून पाहिल्या, तरी फरक पडला नाही. पडणारही नाही. दोष आतल्या मालाचा नाहीच. पेटी उघडताना खेळाडूंना काहीही ठरवावं लागत नाही, तिथे घोडं अडलंय.

आधी गणित बघू. आकडे डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीचे, २०१४ च्या नियमांतले आहेत. साध्या कुलपाची डीसी (फासा आणि बोनस मिळून गाठायचा आकडा) १५. डेक्स्टेरिटी (चपळाई) १६ आणि थीव्ज टूल्सवर (चोराच्या अवजारांवर) एक्सपर्टीज (खास प्रावीण्य) असलेल्या रोगला, म्हणजे चोर पात्राला, +७ मिळतात, म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर ८ किंवा जास्त आलं की कुलूप निघालं. शक्यता ६५ टक्के. पण चुकल्यावर काहीच बिघडत नसेल तर तो पुन्हा टाकणार, परत टाकणार, आणि ६५ चे १०० व्हायला वेळ लागत नाही. मग फासा टाकायचाच कशाला? म्हणून प्रत्येक चुकलेल्या प्रयत्नाला खेळातली दहा मिनिटं लावा आणि दर वेळी उघडपणे एक डी६ (सहा बाजूंचा फासा) टाका. १ आला तर कुणीतरी येतंय. एवढ्यानेच "अजून एकदा बघू का?" हा प्रश्न खरा होतो.

आता रचना. पेटी बनवताना कागदावर दोन प्रश्नांची उत्तरं लिहा. पहिला: ज्याची ही पेटी आहे तो ती रोज कशी उघडतो? दुसरा: इतके दिवस ती कुणी लुटली कशी नाही?

पहिला प्रश्न जास्त महत्त्वाचा. ट्रॅप मालकाने बसवलेला असतो आणि मालकाला स्वतःचं बोट विषारी सुईवर ठेवायचं नसतं. त्यामुळे तो टाळायचा रस्ता असतोच: एखादी कळ, एखादा क्रम, एखादा शब्द. तो रस्ता रोज वापरात असला की त्याच्या खुणा राहतात, आणि त्या खुणा म्हणजेच तुमच्या खेळाडूंसाठीचा सुगावा. मालक नसलेल्या पेटीला सुगावा कुठून येणार? अशा पेटीपुढे खेळाडू "पर्सेप्शन (नजरेचा फासा) टाकू का?" एवढंच विचारतात, कारण विचारण्यासारखं दुसरं काही तुम्ही समोर ठेवलेलंच नसतं.

कल्पना लढवायच्या आधी खऱ्या पेट्या बघा. १६व्या-१७व्या शतकात न्यूरेंबर्ग आणि दक्षिण जर्मनीत लोखंडी पट्ट्यांच्या पेट्या बनत. पुढे त्यांना 'आर्माडा चेस्ट' म्हणू लागले, पण १५८८ च्या स्पॅनिश आरमाराशी त्यांचा संबंध नाही. अनेक पेट्यांत समोर दिसणारं नक्षीदार किल्लीचं भोक चक्क खोटं असे. खरं भोक झाकणाच्या मधोमध, एखाद्या सरकत्या तुकड्याखाली. किल्ली एकदाच फिरवली की झाकणाच्या आतल्या बाजूचे सगळे खटके एकदम मागे सरकत. दुसरं उदाहरण इंग्लंडच्या चर्चमधलं. १६०३ च्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नियमांनुसार गावाची नोंदवही तीन कुलपांच्या पेटीत ठेवायची. एक किल्ली पाद्र्याकडे, उरलेल्या दोन दोघा चर्च वॉर्डनांकडे. आपल्याकडे बँकेच्या लॉकरला दोन किल्ल्या लागतात, त्यामागेही हाच अविश्वास. डंजनमध्ये याचा अर्थ असा की एक पेटी तीन खोल्यांत पसरवता येते: तीन पुजारी, तीन किल्ल्या, आणि त्यांतला एक गेल्या वर्षी विहिरीत पडून मेलाय.

ट्रॅपबद्दल. नियमपुस्तकातली विषारी सुई सगळ्यांना माहीत असते: योग्य किल्लीशिवाय उघडलं किंवा कुलूप काढायचा प्रयत्न फसला की सुई बाहेर येते, १ पिअर्सिंग (टोचण्याचं) आणि २डी१० (दहा बाजूंचे दोन फासे) विषाचं नुकसान, शिवाय डीसी १५ ची कॉन्स्टिट्यूशन सेव्ह (तब्येतीच्या जोरावर बचावाचा फासा) चुकली तर तासभर पॉइझन्ड (विषबाधा). सरासरी नुकसान १२. दुसऱ्या लेव्हलच्या, कॉन्स्टिट्यूशन १२ असलेल्या रोगचे एकूण हिट पॉइंट (किती मार सोसेल तो आकडा) १५ आणि विझार्डचे १२. म्हणजे एका सुईत विझार्ड आडवा. लेव्हल १ ते ४ साठी मार्गदर्शक तक्त्यात तीन पायऱ्या आहेत, १डी१०, २डी१० आणि ४डी१०. ही सुई मधल्या पायरीची. दुसऱ्या लेव्हलला खुणा उघड दिसत असतील तरच ती वापरा, नाहीतर १डी१० वर उतरा. ती सापडायची डीसी २० आहे, हीच तिची खरी अडचण: खेळाडूने नीट विचार केला तरी फासा त्याला हरवतो.

माझा उपाय सोपा आहे. खुणेला डीसी लावूच नका. जवळ जाऊन बघणाऱ्याला खूण सांगून टाका, फक्त तिचा अर्थ सांगू नका. "पितळी भोकाच्या खालच्या कडेला हिरवट डाग आहे" हे फुकट. तो डाग विषाचा की नुसता गंजाचा, हे कळायला इन्व्हेस्टिगेशन (तपासाचा फासा). यंत्रणा एका वाक्यात सांगता येत नसेल तर ती खेळात चालणार नाही, हेही तपासून घ्या. "झाकण चार बोटं वर गेलं की तार ताणली जाते आणि तेलाची कुपी फुटते" हे चालतं, कारण खेळाडू लगेच म्हणतो, "तीनच बोटं उचलतो आणि फटीतून सुरी घालून तार धरतो." असा माणूस बरोबर बोलला की त्याच्याकडून फासा मागू नका. डीएम (खेळ चालवणारे) इथेच सर्वांत जास्त चुकतात. चांगल्या युक्तीवर फासा मागितला आणि तो १ आला की पुढच्या पेटीला युक्ती काढायची इच्छाच मरते.

मग कुणीतरी म्हणणार, "कुऱ्हाडीने फोडतो." फोडू द्या. लाकडाची एसी (घाव लागायला गाठायचा आकडा) १५, आणि पेटीच्या आकाराच्या दणकट वस्तूचे हिट पॉइंट साधारण १०. दोन-तीन घावांत काम होतं. पण आवाज होतो, आणि आत काचेच्या कुप्या असतील तर घावागणिक एक कुपी गेली असं धरा. हे आधीच सांगा: "हलवल्यावर आत काहीतरी किणकिणतंय." त्यावरही फोडली तर तो त्यांचा निर्णय. दुसरी युक्ती असते पेटीच उचलून न्यायची. रिकामी पेटी २५ पाउंड, आत ३०० पाउंड माल मावतो. ३२५ पाउंड, म्हणजे जवळजवळ १४७ किलो, स्ट्रेंग्थ (ताकद) १५ च्या माणसाला उचलून नेता येणार नाही. ओढता येईल, पण राउंडला (सहा सेकंदांत) ५ फूट, म्हणजे मिनिटाला ५० फूट. त्या वेगाने गॉब्लिनांच्या दारावरून जायचं असेल तर तो एक वेगळाच मजेदार सेशन आहे. ग्लिफ ऑफ वॉर्डिंग (हात लावताच फुटणारी जादूची खूण) लावलेली पेटी मात्र याच युक्तीपुढे नांगी टाकते: मंत्र जिथे म्हटला तिथून वस्तू १० फुटांपेक्षा जास्त हलली की ग्लिफ न फुटताच संपतो. म्हणून शहाणा जादूगार पेटी जमिनीला जखडतो. खेळाडूंना जखडलेली पेटी दिसली की त्यांनी "का?" असं विचारायला हवं.

पैशांचं वजन बहुतेक जण विसरतात आणि मजा तिथेच आहे. ५० नाणी म्हणजे एक पाउंड. ३०० पाउंडात १५,००० नाणी बसतात, पण १३६ किलो सोनं वितळवलं तर जेमतेम सात लिटर भरतं. नाण्यांच्या फटी धरल्या तरी घरातली बादली भरेल एवढंच. ओसंडून वाहणारी सोन्याची पेटी चित्रात छान दिसते, उचलायला गेलात तर तळ निघून हातात येईल. खालच्या लेव्हलच्या घबाडाचं सरासरी गणित असं येतं: २,१०० तांब्याची नाणी, १,०५० चांदीची, ७० सोन्याची. एकूण किंमत १९६ सोन्याची, वजन ६४ पाउंड. त्यातलं तांबं एकटंच ४२ पाउंड आणि त्याची किंमत सोन्याची २१ नाणी. हे आकडे पार्टीसमोर ठेवा आणि गप्प बसा. तांबं न्यायचं की टाकायचं यावर ते आपसांतच भांडतील.

आतला माल मी तीन थरांत लावतो. वर मालकाचं काहीतरी, जे बघून तो कोण होता ते कळावं: जुनी शाल, हिशेबाची वही, मुलाचा लाकडी घोडा. मध्ये पैसे. तळाशी अडचणीची वस्तू, म्हणजे किमती पण विकायला अवघड: राजमुद्रा, शेजारच्या सरदाराचं कर्जपत्र, ओळखता येईल असा मुकुट. चोरकप्पा ठेवायचा असेल तर मापं बोलता बोलता सांगून टाका: बाहेरून उंची २४ इंच, आतून खोली १८. ज्याचं लक्ष आहे तो सहा इंचांचा हिशेब मागेलच. आणि वास सांगा. बंद पेटीला वास असतो हे डांबरगोळ्यांची ट्रंक उघडलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही.

मिमिक (पेटीचं सोंग घेणारा प्राणी) एका मोहिमेत एकदाच. हा प्राणी १९७७ पासून खेळात आहे, त्यामुळे जुन्या खेळाडूंना दचकवत नाही, आणि नव्यांना दचकवलं की ते पुढची प्रत्येक खुर्ची काठीने ढोसत बसतात. वापरलाच तर लक्षात ठेवा: ५८ हिट पॉइंट, आणि जो हात लावतो तो चिकटतो. पण त्याची चाल फक्त १५ फूट आहे, तेव्हा न चिकटलेल्यांना पळून जाता येतं.

ही एक तयार पेटी घ्या. नदीच्या उतारावरचा जुना जकातनाका, आता कोबोल्डांच्या (सरड्यासारख्या छोट्या राक्षसांच्या) ताब्यात. तळघरात ओकची पेटी, लोखंडी पट्ट्या, चार बोल्टांनी फरशीला जखडलेली. समोर पितळी भोक, त्यात सुई (१डी१०, डीसी ११ ची कॉन्स्टिट्यूशन सेव्ह, जमली तर निम्मं नुकसान). भोकाभोवती एकही ओरखडा नाही. झाकणावर आठ रिव्हेटं, त्यांतलं एक बोटाने घासून चकचकीत झालेलं. ते डावीकडे सरकवलं की खालचं खरं भोक दिसतं. पेटीशेजारी एक मेलेला कोबोल्ड, तर्जनी काळी पडून सुजलेली. झाकणावर कुऱ्हाडीचे बोथट घाव. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर यातच आलं: प्रयत्न झालेत, जमलं नाही, आणि आता कोबोल्ड तिला शापित समजून जवळ फिरकत नाहीत. किल्ली वरच्या मजल्यावर जकातदाराच्या सांगाड्याच्या पट्ट्याला, पण रिव्हेट सापडलं की खरं कुलूप डीसी १५ ला निघतंच. आत वरच्या थरात जकातीची वही, मध्ये ६०० चांदीची आणि ४० सोन्याची नाणी (एकूण १०० सोन्याची, वजन १२.८ पाउंड), तळाशी सरकारी शिक्का. वहीत एका व्यापाऱ्याच्या नावापुढे सलग अकरा महिने 'माफ' असं लिहिलंय. पुढचा सेशन त्या व्यापाऱ्याकडे जायचा की शिक्का वापरून खोटे परवाने काढायचे, ते त्यांचं ते ठरवतील.

एवढी मेहनत प्रत्येक पेटीवर घेऊ नका. डंजनमध्ये चार पेट्या असतील तर अशी एकच. दोन बिनकुलपाच्या, त्यांत पीठ, दोर, ओल्या गोधड्या. एक आधीच फोडलेली. आणि ज्या वस्तूवाचून कथा अडेल ती कधीही एका कुलपाच्या एका फाशामागे ठेवू नका. रोगचा खेळाडू त्या दिवशी आला नाही तर तुमची संध्याकाळ तिथेच संपते.