पहाटे उठणं जमत नसेल म्हणून प्रार्थना सोडू नका

तुम्ही विचारलंय की नोकरी, घर आणि मुलं सांभाळताना रोजचं बायबल वाचन आणि प्रार्थना कशी टिकवायची. पुढे लिहिलंय, "पहाटे पाचला उठायचं ठरवते, चार दिवसांत मोडतं, मग महिनाभर बायबलला हात लावायची लाज वाटते." हे वाक्य वाचलं आणि उत्तर लिहायला बसले. ही लाज मी आठ महिने अंगावर बाळगलेली आहे.

मी नर्स आहे. तेव्हा माझी सलग नाइट ड्युटी चालू होती आणि घरी दीड वर्षाचं लेकरू होतं. शुक्रवारच्या प्रार्थनासभेत मी उभी राहून म्हटलं, "माझं वाचन होत नाहीये, माझ्यासाठी प्रार्थना करा." मंडळीतल्या एका वडिलांनी, म्हणजे चर्चच्या ज्येष्ठ पुढाऱ्यांनी, प्रार्थना केली नाही, हिशोब मांडला. दिवसाचे २४ तास, त्याचा दशांश २ तास २४ मिनिटं, तेवढा वेळ देवाचा. वर बायबलमधलं मार्क १:३५ (पहिला अध्याय, ३५वं वचन) वाचून दाखवलं: प्रभू येशू अंधार असतानाच उठून एकांतात प्रार्थनेला गेला. "प्रभूला उठता येतं आणि आपल्याला येत नाही?" सगळे गप्प बसले. मी मान खाली घातली आणि त्या दिवसापासून बायबल उघडलंच नाही. रविवारी उपासनेला जायचे, मागच्या बाकावर बसायचे आणि आशीर्वाद झाला की निघायचे.

मग एका रात्री दोनच्या सुमाराला एका आजींचं सलाइन बदलत होते. ऑपरेशन झालेलं, त्यांना झोप लागत नव्हती. माझ्या गळ्यातला क्रूस बघून म्हणाल्या, "सिस्टर, एखादं स्तोत्र म्हणा ना." मी बायबलमधलं २३वं स्तोत्र सुरू केलं. त्यातल्या "मृत्युच्छायेच्या दरी"च्या ओळीपर्यंत आले आणि माझा आवाज बसला. त्या वॉर्डात, त्या खाटेशी ते शब्द माझ्याने म्हणवेनात. आजींनी डोळे मिटले आणि कोरड्या ओठांनी पुढचं पुटपुटत शेवटपर्यंत नेलं. सुई लावलेला त्यांचा हात माझ्या हातात होता. संपल्यावर म्हणाल्या, "तुमचं स्तोत्र १३४वं. वाचलंय का?"

सकाळी हँडओव्हर देऊन कपडे बदलायच्या खोलीत मोबाइलवर ते उघडलं. तीनच वचनं. रात्रीच्या वेळी परमेश्वराच्या मंदिरात उभे राहणाऱ्या सेवकांसाठी लिहिलेली. म्हणजे रात्रपाळीवाले तेव्हाही होते, आणि त्यांना कोणी पहाटेचा हिशोब विचारला नव्हता. मी ती तीन वचनं बॉलपेनने कागदावर उतरवली आणि युनिफॉर्मच्या खिशात ठेवली. सॅनिटायझरने शाई पसरून कागद निळा झाला तोवर पाठ झाली होती.

त्यानंतर माझी प्रार्थना बेसिनपाशी सुरू झाली. साबणाने हात नीट धुवायला ४० ते ६० सेकंद लागतात आणि येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना सावकाश म्हटली तरी तेवढ्यात आरामात होते. एका पाळीत कितीतरी वेळा हात धुतले जातात. "आमची रोजची भाकर आज आम्हांला दे" हे म्हणताना ज्या पेशंटकडे निघालेय त्याचं नाव घेते. वर्षानुवर्षं हेच चाललंय आणि याला मी कमअस्सल प्रार्थना मानायला तयार नाही.

त्या वडिलांना तेव्हा उत्तर देता आलं नाही, ते इथे देते. मार्क १:३५ एकटं वाचू नका, ३२व्या वचनापासून वाचा. आदल्या संध्याकाळी अख्खं गाव दाराशी लोटलं होतं, आणि पहाटेही त्याचा शिष्य शिमोन त्याला शोधत आलाच. प्रभू गर्दीतून वाट काढून पित्याकडे जात होता, त्यात पाच वाजताचा नियम कुठे आहे? लूक ६:१२ मध्ये तो रात्रभर प्रार्थना करतो आणि मार्क ४ मध्ये वादळात, नावेत, उशीवर डोकं टेकून झोपतो. आणि १ राजे १९ मधला संदेष्टा एलीया बघा. थकून, मरण मागून झुडपाखाली पडलेला. देवदूताने त्याला फैलावर घेतलं नाही. भाकर आणि पाणी दिलं, परत झोपू दिलं, परत उठवून खाऊ घातलं. देवाचा आवाज त्यानंतर, होरेब डोंगरावर. तुम्ही आत्मिक कोरडेपणाबद्दल लिहिलंय म्हणून विचारते, तुमची झोप किती होते? मुलं लहान असतील तर घरातल्या दुसऱ्या माणसाने रोज अर्धा तास त्यांना सांभाळलंच पाहिजे. तुमच्या भक्तीची जबाबदारी घरावरही आहे.

एका वर्षात बायबल संपवायचा तक्ता तुम्ही लावला असेल तर काढून टाका. ११८९ अध्याय म्हणजे रोज तीन-चार. चार दिवस चुकले की थकबाकी वाढते आणि माणूस वचनापासूनच पळतो. त्यापेक्षा चर्चसुधारक मार्टिन ल्यूथरने १५३५ साली आपल्या न्हाव्याला, पेत्रला, लिहून दिलेली रीत धरा. एकच आज्ञा किंवा वचन घ्यायचं आणि त्यातून चार धागे काढायचे: यातून काय शिकले, कशाबद्दल आभार मानू, काय कबूल करू, काय मागू. भांडी घासतानाही होतं. वस्तरा हातात असताना चांगल्या न्हाव्याचं लक्ष जसं हलत नाही, तसं मन त्या वचनावर ठेव, असं त्याने लिहिलंय.

त्याच पत्रात ल्यूथर हेही म्हणतो की सकाळचं पहिलं आणि रात्रीचं शेवटचं काम प्रार्थना असावी, आणि "तासाभराने करतो" या विचारापासून सावध राहा. ते खरं आहे. मलाही सुट्टीच्या दिवशी सकाळची शांत वीस मिनिटं मिळतात तेव्हा बेसिनपाशी जे उलगडत नाही ते उलगडतं. ज्यांना पहाट जमते त्यांनी ती जरूर ठेवावी. आणि झोप, जेवण, मदत सगळं मिळूनही महिनोन्‌महिने आत अंधारच वाटत असेल, तर पाळकांशी बोला आणि डॉक्टरांनाही दाखवा.

आज रात्री मुलं झोपली की १३४वं स्तोत्र उघडा. तुमचा मागचा महिना तिथे कोणी विचारणार नाही.