सकयल कोण आसा?

गेल्या अंकात मी माझ्या बेस जंपिंगच्या दिवसांविषयी लिहिलं होतं. बांदोड्याच्या पाडेल्याचा, म्हणजे माडावरून नारळ काढणाऱ्याचा, मुलगा स्वित्झर्लंडमधल्या लाउटरब्रुनेनला हॉटेलच्या स्वयंपाकघरात कामाला गेला आणि सहा वर्षांत तिथल्या कड्यांवरून उड्या मारायला लागला, ही ती गोष्ट. त्यावर आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना इथे उत्तर देतो.

मये तळ्यावर बंजी केली, भीती पार गेली. स्कायडायव्हर शीतल महाजन यांचे व्हिडिओ पाहून आता पॅराशूट घेऊन दूधसागरवरून उडी मारावीशी वाटते. सुरुवात कुठून करू?
— कॉलेजातला एक वाचक, सांखळी

दूधसागर डोक्यातून काढून टाक, मग पुढचं बोलू.

मयेला तू ५५ मीटरवरून उडी घेतलीस तेव्हा दोर दुसऱ्याने बांधला होता, दुसऱ्याने तपासला होता. शीतल महाजन विमानातून उडी मारतात. २०१८ साली थायलंडमध्ये त्यांनी नऊवारी नेसून मारलेली उडीही विमानातलीच. विमानातून साधारण चार हजार मीटरवर बाहेर पडलं की हातात जवळजवळ मिनिटभर असतं. पाठीवर मुख्य पॅराशूट असतं, ते दगा देईल म्हणून दुसरं असतं, आणि बेशुद्ध पडलास तर ते दुसरं आपोआप उघडणारं यंत्रही असतं. बेस म्हणजे बिल्डिंग, अँटेना, स्पॅन म्हणजे पूल आणि अर्थ म्हणजे डोंगरकडा, या चार जागांवरून मारलेली उडी. तिथे पॅराशूट एकच. दुसरं उघडायला उंची उरतच नाही. ते एक तू स्वतः घडी घालून भरलेलं असतं, आणि त्याला ओढून बाहेर काढणारी छोटी छत्री, आम्ही तिला पायलट शूट म्हणतो, ती तुला हाताने वाऱ्यात फेकावी लागते.

दूधसागरची उंची कागदावर ३१० मीटर, पण तो धबधबा चार टप्प्यांत उतरतो. उडी मारणाऱ्याला सरळसोट भिंत लागते, इथे प्रत्येक टप्प्यावर खडक तुझी वाट बघत बसलेला आहे. वर तुषार, त्यात छत्री, म्हणजे पॅराशूट, भिजणार आणि घाटातला वारा कड्याला आपटून उलटा फिरणार. शिवाय ते अभयारण्य आहे आणि मधून ब्रागांझा घाटाची रेल्वे जाते. तुला काही झालं तर खाली शोधायला उतरणार ते वनखात्याचे रक्षक आणि जवळच्या कुळे गावची पोरं. तुझ्या एका उडीनंतर जागा महिनाभर बंद राहिली तर कुळ्याच्या जीपवाल्यांच्या घरात चूल कशी पेटायची? आमच्यात याला साइट जाळणं म्हणतात, आणि साइट जाळणाऱ्याला कोणी सोबत घेत नाही.

माझे बाबा पाडेली होते. कमरेला कोयती, पायांत काथ्याचं वळं, आणि वीस-वीस मीटरचे माड. वर पोचल्यावर पहिला नारळ तोडायच्या आधी ते हाक द्यायचे, "सकयल कोण आसा?" खाली कोण आहे? उत्तर आलं नाही तरी परत एकदा. भाटात, म्हणजे माडांच्या बागेत, चिटपाखरू नसताना ते कोणाला विचारतात, असं मी लहानपणी विचारलं होतं. ते म्हणाले, "आसा काय ना ते चडलेल्याक दिसना." कोणी आहे की नाही, ते चढलेल्याला दिसत नाही.

खरंच शिकायचं असेल तर आधी विमानातून. रीतसर लायसन्स, मग निदान दोनशे उड्या. तेवढ्यात छत्री हातवळणी पडते. त्यानंतर बेस शिकवणारा गुरू शोधायचा. तो तुला पहिलं वर्ष बहुतेक वेळा "आज नको" असंच म्हणेल. तसं म्हणत नसेल तर दुसरा गुरू बघ.

तुमच्या लेखात "आमची मंडळी" असा उल्लेख फार जिव्हाळ्याने येतो. पण मित्र डोळ्यांदेखत गेला तरी ही मंडळी दुसऱ्या दिवशी पुन्हा उडी मारतात. याला मैत्री म्हणायचं की निष्ठुरपणा?
— निवृत्त शिक्षिका, मडगाव

बाई, तुमचा प्रश्न मी स्वतःला बारा वर्षं विचारत आलो आहे.

या खेळाला नाव देणाऱ्यांतला एक कार्ल बेनिश. १९७८ साली कॅलिफोर्नियातल्या एल कॅपिटन कड्यावरच्या उड्या त्याने चित्रित केल्या आणि तिथून हे सगळं पसरलं. ७ जुलै १९८४ ला नॉर्वेतल्या ट्रोलव्हेगेन कड्यावर तो गेला. त्याची बायको जीन, तीही उडी मारणारी. तिने पुढच्या काही दिवसांतच त्याच डोंगरावरून उडी घेतली. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मलाही निष्ठुर वाटलं. आता वाटत नाही. आपल्याकडे गेलेल्याच्या नावाने दहाव्याला पिंड ठेवतात आणि कावळा शिवेपर्यंत सगळे ताटकळत उभे राहतात. तिला तिचा निरोप कड्याच्या टोकावर जाऊन द्यायचा होता, असं मी समजतो. पण तिने केलं म्हणून ते सगळ्यांनी करावं, असं मी कधीच म्हणणार नाही. मित्र गेल्यावर दुसऱ्या दिवशी चढणाऱ्या पोरांना मी अडवलं आहे, आणि त्यातल्या एकाने माझ्याशी बोलणं सोडलं ते सोडलंच.

मैत्रीचं म्हणाल तर एक सकाळ सांगतो. बाबा गेल्याला महिना झाला होता. मला क्रियाकर्माला गोव्यात येता आलं नव्हतं. आम्ही चौघं लाउटरब्रुनेनच्या हाय नोज नावाच्या टोकावर उभे होतो, वारा शांत, आभाळ निरभ्र, उडीला याहून चांगला दिवस मिळत नाही. मी पायलट शूटची घडी घालत होतो. कापड गुळगुळीत असतं, बोटांत धरून पंख्यासारखं दुमडायचं असतं. ती घडी मी तिसऱ्यांदा सोडून परत घालत होतो. माझा मित्र, स्पेनचा, गावातल्या बेकरीत काम करायचा, माझ्या चेहऱ्याकडे बघतही नव्हता. तो माझ्या हातांकडे बघत होता. त्याने आपलं हेल्मेट काढलं आणि म्हणाला, "चल, आपण चालत जाऊ."

"तू मार ना उडी," मी म्हटलं. त्याने नुसती मान हलवली. बाकीचे दोघे गेले. आम्ही पाठीवर न उघडलेली पॅराशूटं घेऊन दोन तास जंगलवाटेने खाली उतरलो. वाटेत त्याने बाबांविषयी विचारलं आणि मी पहिल्यांदा रडलो. त्या आठवड्यातली त्याची ती एकुलती सुट्टी होती.

ही ती मंडळी, बाई. उडी मारणं एकेकट्याचंच असतं. परत फिरणाऱ्याबरोबर मात्र कोणी तरी चालत येतं.

नीतीचं म्हणाल तर ती मोठ्या पुस्तकात लिहिलेली नाही, बारीकसारीक गोष्टींत असते. लाउटरब्रुनेनच्या कुरणांतलं उंच गवत हा शेतकऱ्यांचा गुरांसाठीचा हिवाळ्याचा चारा. त्यात उतरलं की तो आडवा होतो. म्हणून तिथे प्रत्येकाने लँडिंग कार्ड विकत घ्यायचं, पैसे शेतकऱ्यांकडे जातात, आणि उतरायचं ते कापलेल्या गवतात. दरीत हेलिकॉप्टरं फिरतात, म्हणून उडीआधी हेलिपॅडला फोन. दुसऱ्याच्या गावातल्या कड्यावर जाण्याआधी तिथल्या मंडळींना विचारायचं. यात चुकलेल्याला पुन्हा सोबत मिळत नाही.

आणि एक गोष्ट मला आजही सोडवत नाही. अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांत ही उडी बेकायदा. त्या बंदीविरुद्ध ऑक्टोबर १९९९ मध्ये एल कॅपिटनवर निषेधाच्या उड्या झाल्या. उडी मारणाऱ्याचं सामान जप्त होतं, म्हणून जॅन डेव्हिस या अनुभवी बाईंनी आपलं सामान न वापरता उसनं घेतलं. पॅराशूट उघडलंच नाही. खाली पत्रकार होते, आणि कॅमेऱ्यामागे तिचा नवरा होता. बंदी चूक की बरोबर यावर मी तासभर वाद घालू शकतो. पण त्या माणसाने कॅमेऱ्यातून काय पाहिलं, ते आठवलं की वाद तिथेच थांबतो.

माझा मुलगा २९ वर्षांचा, नॉर्वेत स्टाव्हांगरला नोकरीला. त्याने ही उडी सुरू केल्याचं मला त्याच्या मित्राच्या फोटोवरून कळलं. विचारलं तर म्हणतो, "आई, रस्त्यावर जास्त माणसं मरतात." मी त्याला थांबवू का? कसं? आणि त्याच्या विम्याचं काय?
— एक आई, पेडणे

ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं.

आधी आकडा, कारण तुमच्या मुलाने तुम्हाला अर्धवट सांगितलं आहे. स्टाव्हांगरजवळ लीसेफ्योर्डवर केराग नावाचा हजार मीटरच्या आसपासचा कडा आहे. तिथे उडी कायदेशीर आहे, क्लब आहे, खाली उतरलेल्यांना आणायला बोट आहे. या खेळासाठी याहून नीट व्यवस्था फार थोड्या ठिकाणी असेल. त्याच शहरातल्या डॉक्टरांनी तिथली १९९५ ते २००५ ची नोंद तपासली: २०,८५० उड्या आणि ९ मृत्यू. साधारण २,३०० उड्यांमागे एक. कामावर जाताना इतक्या फेऱ्यांमागे एक माणूस मेला असता तर पेडण्याहून पणजीला कोणी गेलंच नसतं. रस्त्याची तुलना त्याने पुन्हा करू नये, हे त्याला माझ्या नावाने सांगा.

"थांब" म्हणालात तर तो थांबेल असं मला वाटत नाही. तुम्हाला सांगणं तेवढं थांबवेल. मी तेच केलं. माझ्या आईला चार वर्षं वाटत होतं की मी सुट्टीत डोंगर चढायला जातो.

मी का थांबलो ते सांगतो, त्यातून तुम्हाला काही मिळालं तर घ्या.

तो स्पेनचा मित्र. त्या दिवशी मी खाली होतो, ग्राउंड क्रू म्हणून. कुरणाच्या कडेला गाडी लावून, हातात वॉकीटॉकी. त्याने वरून विचारलं, "वारा?" मी गवताकडे बघून म्हटलं, "शांत." तो निघाला. छत्री वेळेवर उघडली, पण तोंड कड्याकडे करून. अशा वेळी ती वळवायला एक-दोन सेकंद मिळतात. त्याला तेवढेही मिळाले नाहीत.

पुढचं सगळं नीट पार पडलं, म्हणजे हेलिकॉप्टर आलं, माणसं आली. कुरणाची मालकीण, सत्तरीची बाई, घरातून घोंगडी घेऊन आली आणि ती तिने माझ्या खांद्यावर टाकली. मग म्हणाली, "माझा नातू खिडकीत होता." एवढंच. रागाने नाही म्हणाली. त्या खिडकीला हिरव्या झडपा होत्या, आणि मी तिथे होतो तोवर त्या बाजूच्या झडपा पुन्हा उघडलेल्या मी पाहिल्या नाहीत. आम्ही म्हणायचो, जीव आमचा आहे. त्या पोराच्या डोळ्यांचा हिशेब आम्ही कधी केलाच नव्हता.

आमच्यात एक रीत होती. प्रत्येकाच्या हेल्मेटमध्ये एक चिठ्ठी, काही झालं तर कोणाला फोन करायचा त्याचा नंबर. त्याच्या चिठ्ठीत बहिणीचा होता. तिला मी फोन केला. माझी स्पॅनिश मोडकीतोडकी, तिचं इंग्रजी त्याहून. मला "गेला" हा शब्द सापडेना. मी "पडला, पडला" म्हणत राहिलो आणि ती विचारत राहिली, कुठल्या हॉस्पिटलात?

त्यानंतरही मी अकरा उड्या मारल्या. बाराव्या वेळी कड्यावर हेल्मेट हातात घेतलं, आतली चिठ्ठी बघितली. आईचा नंबर. माझ्या आईला कोकणी येते आणि मराठी येते. त्या अख्ख्या दरीत ही बातमी तिला तिच्या भाषेत सांगेल असा एकही माणूस नव्हता. कोणी तरी इंग्रजीत बोलणार, आणि ती "हॅलो, हॅलो, कोण उलयता?" म्हणत राहणार, कोण बोलतंय? मी केबल कारपर्यंत चालत गेलो आणि परत कधी चढलो नाही.

म्हणून ताई, त्याला "सोड" म्हणण्याआधी हे विचारा: तुझ्या चिठ्ठीत कोणाचा नंबर आहे? तुझ्याबरोबर खाली कोण उभं असतं, त्याचं नाव काय, त्याच्याशी माझं बोलणं करून दे. तुझ्या गुरूने तुला शेवटचं परत कधी पाठवलं? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर "कधीच नाही" असेल तर मला कळवा, मी स्वतः त्याच्याशी बोलेन. आणि एकदा, जमलं तर, तिथे जा. केरागवर नको, त्याच्या मित्रांच्या जेवणाला जा. सोलकढी करून घाला त्यांना. ज्याची आई भेटली आहे त्याला "आज नको" म्हणणं मित्रांना सोपं जातं, हे मी पाहिलेलं आहे.

विम्याचंही विचारलंत. पॉलिसीत काय-काय वगळलं आहे ते त्याने शब्दन् शब्द वाचावं. साध्या पॉलिसीत असे खेळ बहुधा बसत नाहीत.

उडी मारताना डोळे उघडे असतात का?
— इयत्ता सातवी, सावईवेरे

हो, टक्क उघडे. आणि खाली बघायचं नाही. खाली बघितलं की डोकं खाली जातं आणि डोक्यामागे सगळं शरीर उलटं होतं. म्हणून समोर लांबवर एक जागा ठरवायची आणि तिच्यावर नजर ठेवून पाऊल टाकायचं. माझी जागा समोरच्या डोंगरावरचं एक गवताचं कोठार होतं, काळ्या लाकडाचं.

आणि तू विचारलं नाहीस तेही सांगतो. पहिला एक सेकंद काहीच आवाज नसतो. वेगच नसतो ना अजून, म्हणून वाराही नसतो. त्या सेकंदात मला पलीकडच्या कुरणातल्या गायींच्या गळ्यातल्या घंटा ऐकू यायच्या, अगदी स्पष्ट. मग वारा कानांत चढतो आणि घंटा त्यात बुडून जातात.