शंभर किलोची शिडाची कयाक पाण्यापर्यंत न्यायला गाडी विकत घ्यावी की बनवून घ्यावी?

तुम्ही लिहिलंय की कयाक साडेपाच मीटरची आहे, दोन्ही बाजूंच्या उलांड्या (तोल सांभाळणारे तरंगते दांडे), डोलकाठी आणि शीड धरून शंभरच्या आसपास वजन भरतं. सोलापुरातून पिकअपवर टाकून उजनी धरणावर नेता, आणि पिकअप थांबते तिथून पाण्यापर्यंत नेताना कंबर मोडते. हाताने ओढायची दोन चाकांची गाडी विकत घ्यावी की वर्कशॉपमध्ये बनवावी, हा तुमचा प्रश्न.

बनवून घ्या. माझं फॅब्रिकेशनचं काम आहे आणि अशाच एका बोटीसाठी मी दोनदा गाडी बनवली आहे. पहिली चुकली, दुसरी चार वर्षं चालतेय. चुकली ती बोटीचं वजन बघून बनवली म्हणून. गाडी जमीन बघून बनवायची असते.

उजनीचं पाणी एका जागी राहत नाही. पावसाळ्यानंतर तुम्ही जिथे बोट उतरवता, तिथून मे महिन्यात पाणी कुठल्या कुठे गेलेलं असतं. 2024 च्या उन्हाळ्यात धरणाची टक्केवारी उणे पन्नासच्याही खाली गेली होती, म्हणजे वापरायचा साठा संपून तळातलं राखीव पाणीही बरंच घटलं होतं. मग मधल्या पट्ट्यात आधी वेड्या बाभळी, मग भेगाळलेली काळी जमीन, आणि शेवटचे वीस-तीस मीटर वरून सुकलेला पण आतून लोण्यासारखा गाळ. एकाच चाकाला हे तिन्ही पार करायचं असतं.

परदेशी व्हिडिओत दिसतात ती फुग्यासारखी जाड, मऊ चाकं पाहिली असतील. त्यांचा हिशोब साधा आहे. चाकातली हवा जितक्या दाबाची, साधारण तितकाच दाब जमिनीवर पडतो. सामानासकट 110 किलो धरा. 25 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा भरलेली दोन चाकं असली तर एकेका चाकाखाली जेमतेम तीस चौरस सेंटीमीटर जागा येते, म्हणजे अर्धा तळहातसुद्धा नाही. गाळात ते रुततंच. तेच 3 पीएसआयवर अडीचशेच्या वर जातं, छोट्या वहीच्या पानाएवढं. कोकणात तारकर्लीच्या वाळूत म्हणूनच ती चाकं पळतात. पण आपल्याकडे सराटा आहे आणि बाभळीचा काटा आहे. पातळ फुगा त्यापुढे टिकत नाही, आणि पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरवर हवा भरायला गेलात तर तिथेच फुटेल. वर्षातून बहुतेक वेळा कोकणात जाणार असाल तरच ती घ्या.

उजनीसाठी मी 4.00-8 मापाचे टायर सांगेन, म्हणजे रिक्षाचं माप. गवंड्यांच्या एकचाकी हातगाडीला हेच माप बसतं, त्यामुळे बेअरिंगसकट तयार चाक हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. ट्यूबमध्ये पंक्चर रोखणारं लिक्विड भरा आणि हवा दहा-बारा पीएसआयवरच ठेवा. माझ्या पहिल्या गाडीला सायकलसारखी बारीक चाकं होती. एकदा ती काळ्या मातीच्या भेगेत अशी सरळ उतरली की बोट आडवी झाली आणि उलांडीचा नळा वाकला. चाकाच्या दोन्ही अंगांना तीन बोटं तरी मोकळी जागा सोडा. ओली काळी माती टायरला थर देत जाते, वीस फेऱ्यांत चाक दुप्पट जाड होतं आणि फ्रेमला घासून बसतं. मडगार्डच्या भानगडीत पडू नका.

शेवटच्या गाळासाठी चाकापेक्षा भारी उपाय आहे. साखर कारखान्यांचे जुने कन्व्हेअर बेल्ट भंगारात मिळतात. फूटभर रुंद, दहा फूट लांब असे चार पट्टे कापून घ्या. दोन समोर अंथरायचे, गाडी त्यावरून गेली की मागचे दोन उचलून पुढे टाकायचे. चिखलाने माखतात, पण आत जात नाहीत. मी एकट्याने अशी बोट पाण्यापर्यंत नेली आहे.

आता आस, म्हणजे दोन्ही चाकं जोडणारा दांडा, कुठे बसवायचा. इथे घाई करू नका. बोट पूर्ण सजवा, पेडलचं यंत्र, डोलकाठी, बॅग, पाण्याचे कॅन सगळं जागेवर. मग सपाट फरशीवर बुडाखाली दोन इंची पाइप घालून पुढे-मागे लोटत राहा. एका जागी बोट दोन्हीकडे तरंगल्यासारखी डुलते. तिथे खडूने रेघ मारा. आस त्या रेघेच्या पंधरा सेंटीमीटर मागे हवा. पुढचं टोक धरून ओढताना मग हातात सहा किलोच्या आसपास वजन येतं, आणि चढावर बोट मागे उलटत नाही. माझ्या पहिल्या गाडीत हे अंतर साठ सेंटीमीटर झालं होतं. हातात वीस किलो घेऊन दोनशे मीटर चालून बघा, खांदा आठवडाभर सांगेल.

बसायच्या जागेतलं पाणी निघून जायला बुडात आरपार भोकं असतात. त्यांत दोन खुंट्या घालून बसणारी गाडी बाजारात मिळते, बांधायला सोपी आहे. हलक्या बोटीला ठीक. तुमच्या वजनाला मात्र सगळा भार त्या भोकांच्या कडांवर येऊ देऊ नका, प्लॅस्टिक तिथूनच चिरतं. खुंट्या फक्त जागा धरायला ठेवा, भार बुडावर घ्या. 40 मिमी चौकोनी पाइपच्या फ्रेमवर सत्तर सेंटीमीटर लांबीचे दोन आडवे पाळणे बनवा, बुडाच्या उतारालाच लागतील असे तिरके. त्यावर शेतातल्या सक्शन पाइपचा तुकडा उभा चिरून चढवा. घरची जुनी चादर गुंडाळू नका, सोलापुरी असली तरी. ओली राहते, खडे धरून ठेवते, आणि तेच खडे बुडाला ओरखडे पाडतात.

बांधायला साधा बकलचा पट्टा पुरे. ट्रकवाल्यांचा दांडीने करकचून आवळायचा रॅचेट पट्टा आपल्या उन्हात नको. बेचाळीस अंशात बोटीचं पॉलिथिलीन प्लॅस्टिक मऊ पडतं आणि ताणलेल्या पट्ट्याखाली बूड आत जातं. त्याच कारणाने बोट गाडीवर तशीच उन्हात सोडून जेवायला जाऊ नका. आणि आसापासून बोटीच्या पुढच्या कडीपर्यंत एक दोरी बांधाच. चाक दगडाला अडलं की गाडी मागे राहते आणि बोट पुढे घसरते, ती दोरी तेवढ्यासाठी.

डोलकाठी पाण्याजवळ जाऊनच उभी करा. काठावर शेतीपंपांच्या तारा लोंबत असतात, ओढताना नजर जमिनीवर असते.

मे महिन्यात संध्याकाळी वावटळ उठते, हेही ध्यानात ठेवून गाडी बनवा. 21 मे 2024 ला उजनीतच कुगावहून कळाशीला जाणारी बोट अशाच वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. आभाळ भरलं की काठावर येऊन बोट झटपट बाहेर काढता आली पाहिजे. म्हणून गाडी पिकअपमध्ये परत ठेवू नका, पाण्याच्या कडेलाच ठेवा. लोखंडी फ्रेमचा इथे फायदा आहे, गुडघाभर पाण्यात ती बुडून राहते आणि बोट अलगद वर सरकवता येते.

बुडाची रुंदी, भोकांमधलं अंतर आणि खडूची रेघ पुढच्या टोकापासून किती लांब आली, एवढं खाली लिहा. पाइप कुठे किती कापायचे ते मी सांगतो.